घरगुती श्रुतिका : गोडी आणि अडचणी

(इंदूर येथे वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त ग्रंथांविषयी बोलावे असा संकेत आहे. मी मात्र आज न छापलेल्या, केवळ ऐकण्यासाठी रचलेल्या आणि आपल्यासारख्या गृहस्थांनी घरातच ध्वनिमुद्रित केलेल्या नाटकांविषयी बोलणार आहे. हा विषय वाचनालयाच्या कक्षेत कसा येतो, ते शेवटी सांगेन.

श्रुतिका म्हणजे रंगमंचावरील नाटकाचे ध्वनिमुद्रण नव्हे. तिचा जन्मच अंधारात झाला. केवळ नभोवाणीसाठी लिहिलेल्या आरंभीच्या नाटकांत रिचर्ड ह्यूज ह्यांच्या ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ ह्या छोट्या नाटकाचा मान मोठा आहे. बीबीसीने ते १५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून प्रक्षेपित केले. कोळशाच्या खाणीत उतरलेली माणसे, अचानक गेलेले दिवे आणि चढत येणारे पाणी एवढेच कथानक. पात्रांना दिसत नाही, श्रोत्यांनाही दिसत नाही. दोघेही एकाच अंधारात! डोळ्यांची उणीव हेच ह्या कलेचे भांडवल, हे त्या लेखकाने पहिल्याच पावलात ओळखले.

आपल्याकडे ही गोडी आकाशवाणीने लावली. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडेभावजी आणि मीनावहिनी ह्यांना कोणी पाहिले नव्हते, तरी ती माणसे घरोघरी नात्यातली झाली. इंदुरात आकाशवाणीचे केंद्र १९५५ साली सुरू झाले. पुढे, १९६३ साली फिलिप्स कंपनीने युरोपात आणलेली छोटी कॅसेट यथावकाश आपल्या घरांत पोहोचली आणि जे स्टुडिओतच शक्य होते ते दिवाणखान्यात करून पाहण्याची हौस अनेकांना लागली. दिवाळीच्या सुटीत जमलेली भावंडे, एक टेपरेकॉर्डर, वहीत उतरवलेली संहिता, एवढ्या सामग्रीवर नाटक उभे राहू लागले.

ह्या खटाटोपात गोडी कशाची? पहिली गोडी भाषेची. मराठी ही श्रुतिकेला फार अनुकूल भाषा आहे. ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ ह्या दोन शब्दांतच बोलणारी स्त्री की पुरुष हे कळते. ‘अहो’, ‘अगं’, ‘वन्सं’, ‘मामंजी’ अशी एकेक हाक कुटुंबाचा नकाशा उलगडते. रंगमंचावर जे काम वेशभूषा करते, ते येथे व्याकरण आणि नात्यांचे शब्द करतात. घरगुती लेखक मात्र हे विसरतो आणि ‘अरे बंडू, तू हातात काठी घेऊन दारात का उभा आहेस?’ अशी वाक्ये पात्रांच्या तोंडी घालतो. घरात कोणी असे बोलत नाही. काठीचा फरशीवर ठोका पडावा आणि आईने ‘ठेव ती खाली!’ एवढेच म्हणावे. श्रोता बाकीचे आपण पाहतो.

दुसरी गोडी घराचीच. घरातील प्रत्येक वस्तू येथे वाद्य होते. सुपात तांदूळ हलकेच फिरवले की पाऊस पडतो, पातळ पत्रा हलवला की ढग गडगडतात, नारळाच्या दोन करवंट्या टांगा धावता ठेवतात. खऱ्या पावसाचे मुद्रण ऐकावे तर ते बहुधा कढईतल्या तळणासारखे वाटते! खरा आवाज आणि खरा वाटणारा आवाज ह्यांतील हे अंतर ओळखणे, हीच ह्या कलेतील पहिली इयत्ता होय.

आता अडचणींकडे वळू. सर्वांत मोठी अडचण यंत्राची नसून खोलीची असते. आपला कान पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न बाजूला सारून हवे ते ऐकतो. मायक्रोफोनला हा विवेक नाही. तोंड आणि मायक्रोफोन ह्यांतील अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, परंतु भिंतींवरून परतणारा नाद जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून दूर बसलेले पात्र विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येते. उपाय साधा आहे. अंतर वीतभर ठेवावे, भोवती गोधड्या आणि रजया टांगाव्यात, पंखा बंद करावा आणि घाम पुसत बोलावे. ‘भ’ आणि ‘फ’ उच्चारताना तोंडातून सुटणारा वारा मायक्रोफोनवर आदळून धप्प असा आवाज होतो. त्यासाठी किंचित तिरके बसून बोलावे; मराठीतून महाप्राण वर्ण काढून टाकणे काही शक्य नाही.

कॅसेटच्या काळी आणखी एक छळ होता. बहुतेक घरगुती टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी योजना असे. पात्र गप्प झाले की यंत्र ‘आवाज कमी पडला’ असे समजून संवेदनक्षमता वाढवी आणि त्या शांततेत खरखर उसळून येई. म्हणजे नाटकातला जो क्षण सर्वांत बोलका, तोच यंत्र बिघडवी. कापाकापीही सोपी नव्हती. स्टुडिओतील मोठ्या यंत्रावर फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावे, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा उसासा एकोणीस सेंटिमीटर लांब असे आणि तो पात्याने कापता येई. कॅसेटमध्ये हा वेग पावणेपाच सेंटिमीटर, आणि फीत डबीत बंद! मग ‘पॉज’ची कळ दाबून प्रवेशामागून प्रवेश थेट मुद्रित करणे एवढाच मार्ग उरे. शेवटच्या वाक्याला कोणी अडखळले की सारा प्रवेश पुन्हा. पुन्हापुन्हा म्हटल्याने नट मात्र तयार होत, हेही खरे.

आज खिशातल्या फोनमध्ये त्याहून सरस यंत्र आहे, आणि ‘ऑडॅसिटी’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली २००० सालापासून उपलब्ध आहे. तरीही अडचणी संपल्या नाहीत, त्यांनी वेश पालटला आहे. अनेक फोन मानवी आवाज ठळक करण्यासाठी बाकीचा ध्वनी ‘गोंगाट’ म्हणून पुसू पाहतात; आपण कष्टाने पाडलेला सुपातला पाऊस त्यात वाहून जातो. मुले पुण्याला, नात अमेरिकेत, आजोबा येथे, अशी नटमंडळी असली की प्रत्येकाच्या खोलीचा नाद निराळा आणि एकाच ओसरीवर बसलेली पात्रे तीन घरांतून बोलू लागतात. त्यासाठी प्रत्येकाने आपल्याच फोनवर जवळून मुद्रण करावे, आरंभी एक टाळी वाजवावी म्हणजे तुकडे जुळवता येतात, आणि संवाद संपल्यावर रिकाम्या खोलीचा एक मिनिटभर आवाज अवश्य घ्यावा. दोन वाक्यांमधील फट त्या ‘रिकाम्या’ आवाजानेच बुजते. निव्वळ शून्य कानाला खटकते.

श्रोतेहो, आता वाचनालयाच्या संबंधाकडे येतो. ह्या शहरातील आपली नवी पिढी मराठी बोलते, परंतु मराठी पुस्तक हाती घेताना अडखळते. लिपी परिचयाची, तरी छापील मराठी वाक्य तिला दूरचे वाटते. श्रुतिकेत काम करायचे म्हटले की हीच मुले संहिता हाती धरतात, वाक्य कोठे तोडावे म्हणून आजीला विचारतात आणि मोठ्याने वाचतात. वाचनाकडे नेणारी ह्याहून आनंदाची पायरी मला ठाऊक नाही.

दुसरे असे की, आपल्या कपाटांत शंभर वर्षांची मराठी आहे, पण ती छापलेली. हिंदी आणि माळवीच्या शेजारात येथे मुरलेली आपली बोली, तिचे हेल, तिच्या हाका कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. ध्वनी किती लवकर हरवतो पाहा. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या काळातील घरावर आज कोणी श्रुतिका रचली, तर सकाळच्या पाळीचा भोंगा कोठून आणणार? सराफ्यातील रात्रीची गजबज आज ऐकू येते म्हणून ती कायम राहील असे समजू नये. अनेकांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटा आहेत. त्यांत गेलेल्या माणसांचे आवाज आहेत, आणि पावसाळ्यागणिक त्यांवर बुरशी चढते आहे. फीत एकदा चिकटली की आतला आवाज बाहेर काढणे कठीण होते.

म्हणून वाचनालयापुढे माझी सूचना दोन कलमांची आहे. सभासदांकडील घरगुती ध्वनिफिती उसन्या घेऊन त्यांच्या अंकीय प्रती कराव्यात आणि मूळ फिती नाव, वर्ष, स्थळ ह्या नोंदीसह परत द्याव्यात. आणि दरवर्षी मुलांकडून निदान एक श्रुतिका करवून घ्यावी. संहिता मुलांनी स्वतः लिहिलेली असावी हे उत्तम. जुने नाटक घ्यायचे तर भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतात, हे ध्यानात ठेवून परवानगी घ्यावी. देवल आणि गडकरी ह्यांचे दालन मात्र सर्वांना खुले आहे. खर्च फार नाही. एक बंद खोली, चार गोधड्या आणि पंखा बंद करण्याची तयारी एवढे पुरे.

ह्या संस्थेने एक शतक अक्षरे जपली. दुसऱ्या शतकात तिने आवाजही जपावेत, एवढे मागणे मांडून मी आपली रजा घेतो.