मिसरी आणि पोटातले मूल



गरोदर बाईने गांजा ओढला असे ऐकले, तर आपण सारे कानांवर हात ठेवू. गांजाला १९८५ चा कायदा आहे, पोलीस आहेत. घरी भाजलेल्या मिसरीला मात्र कोणी अडवीत नाही. ती आपल्याच घरातल्या कोनाड्यात, डबीत असते आणि सासू ती सुनेला मायेने देते. म्हणून आज आम्ही मिसरीविषयी बोलणार आहोत.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने तिचे विष जात नाही. हिरड्यांना चोळताच निकोटिन रक्तात उतरते, आणि वार त्याला थोपवू शकत नाही. वारेकडचा रक्तपुरवठा घटतो. मुलाला प्राणवायू कमी आणि अन्नही कमी.

मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मिसरी वा तंबाखू तोंडात धरणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरी १०५ ग्रॅम कमी भरली व सुमारे सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे मूठ-दोन मूठ शेंगदाणे, असे कोणी म्हणेल. पण अडीच किलोंखालचे मूल दुखण्याला लवकर बळी पडते. अर्धपोटी आईचे मूल आधीच त्या रेघेवर उभे असते. त्याला तेवढा धक्काही पुरतो.

कष्टकरी बाई मिसरी का लावते? पहाटे पाणी, मग भाकरी, मग कामाची पाळी. मिसरीने भूक मरते, दाताचा ठणका दबतो, पोट साफ होते, असे बायका आम्हांला सांगतात. तिला व्यसनी म्हणून हिणवणे सोपे आहे. त्याने डबी सुटत नाही.

बाळंतपणाच्या हक्काचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला, देशाचा १९६१ साली. २०१७ साली पहिल्या दोन मुलांपुरती रजा २६ आठवड्यांची झाली. हे भांडून मिळाले. परंतु रजा मिळण्यापूर्वीचे महिनेही त्या मुलाचेच आहेत.

म्हणून डबी सगळ्या घराने सोडावी, एकट्या सुनेने नव्हे. सोडताना डोके दुखते, चिडचिड होते. ते दिवस घराने सांभाळून घ्यावेत. दात दुखत असेल तर दवाखाना दाखवावा, भूक असेल तर भाकरी वाढावी. निकोटिन दुधातूनही उतरते. तेव्हा सोडायची ती मिसरी, अंगावरचे दूध नव्हे. आणि संघटनांनी आपल्या मागणीपत्रात गरोदर स्त्रीची विश्रांती व पोटभर जेवण पगाराच्या शेजारी लिहावे.