माळवं कुठं विकायचं?

पेडगाव हे मनमाड–परभणी रेल्वेमार्गावरचं, परभणी शहराजवळचं गाव. शहरालगतच्या अशा गावांत ज्याच्याकडं दहा-वीस गुंठे भिजतात, तो माळवं लावतो. ते घेऊन तो बाजारात कधी जातो आणि कधी जात नाही? भाव असला की जातो, असं आपण पटकन म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. भावाच्या आधी त्याला भरवसा लागतो: माल आजच उठेल आणि पैसा हातात पडेल याचा. मेथीच घ्या. संध्याकाळी उपटायची, जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटाखाली झाकायची आणि पहाटे बीटावर न्यायची. उन्हाळ्यात दुपारपर्यंत पानं माना टाकतात, मग गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. सोयाबीन भाव येईपर्यंत घरात थांबतं, मेथी थांबत नाही. त्यात बियाण्यासाठी अडत्याकडून उचल घेतलेली असेल, तर माल कुठं जाणार हे पेरतानाच ठरलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, अडत्याला टाळून स्वतः विकलं तर चार पैसे जास्त मिळतात. मिळतात, हे खरंच आहे. पण समजा, वीस किलो भेंडी आहे आणि हातविक्रीत किलोमागं दहा रुपये जास्त आले. म्हणजे दोनशे रुपये. त्यासाठी घरातलं एक माणूस, बहुतेक वेळा बाईच, दिवसभर रस्त्याकडेला बसते. तेवढ्या वेळात तोडणी, खुरपणी राहून जाते, तिचा रोज कोण धरतो? दुसरा आक्षेप कायद्याचा. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडतीचा बोजा शेतकऱ्यावरून खरेदीदारावर टाकला. निर्णय योग्यच होता. पण बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक मिळाली म्हणून बसायला जागा मिळत नाही. पणन मंडळानं संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, त्यांत नेमकी हीच उणीव ओळखलेली दिसते: ठरलेला वार, ठरलेली जागा आणि गटानं आणलेला माल. गट असला की एकजण विकतो, बाकीचे शेतात राहतात.

परभणी महानगरपालिकेला म्हणून एवढीच विनंती आहे: आसपासच्या गावांतल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी सकाळचे चार तास, डोक्यावर पत्रे आणि पाण्याचा नळ असलेली एक जागा कायमची राखून ठेवा.