नेहमीचा व्यवहार आधी शिका



सायबर सुरक्षेकडे नव्याने वळणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, एवढ्या एकाच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. माझं उत्तर असं : हल्ले शिकण्याआधी यंत्रणेचा नेहमीचा, बिनतक्रार चालणारा व्यवहार शिका.

१९८६ साली क्लिफर्ड स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक सांभाळायच्या कामावर होते. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत येत होती आणि ती शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. एवढी किरकोळ रक्कम कोणीही सोडून दिली असती. स्टॉल सुरक्षेतले तज्ज्ञ नव्हते, पण हिशेब नेमका कसा लागतो हे त्यांनी मुळापासून समजून घेतलं, बाहेरून येणाऱ्या जोडण्यांवर प्रिंटर बसवले आणि दिसेल ते वहीत टिपत गेले. तो माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरला, मार्कस हेस या हॅकरपर्यंत पोहोचला. अमेरिकी लष्कराच्या संगणकांत शिरून मिळवलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकली जात होती.

आता पुण्यातली घटना. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरीला गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते, तिथे शिल्लक तपासली जाते आणि मग होकार परत येतो. चोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचेना, होकार मात्र मिळत राहिले, आणि २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. ही घटना शिकवताना मी आधी एका साध्या व्यवहाराचा प्रवास फळ्यावर काढतो. तो नीट समजलेल्या मुलांना चोरी समजावून सांगावी लागत नाही. खोटा स्विच कुठे बसला असेल, ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

म्हणून पहिल्या दिवशी काली लिनक्स उतरवून त्यातली शेकडो हत्यारं चालवून पाहणं मला पटत नाही. 'तीन महिन्यांत हॅकर व्हा' अशा जाहिराती तर मुलांची फसवणूक करतात. आपल्याच संगणकावर व्हर्च्युअल मशीनमध्ये साधं लिनक्स टाका. येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं वायरशार्क उघडून एखादं संकेतस्थळ बघा : आधी नावावरून पत्ता विचारला जातो, मग जोडणी जुळवण्यासाठी तीन छोटी पॅकेट ये-जा करतात, मग कूटबद्ध संवाद सुरू होतो. हे रोज पाहा. स्वतःच्या मशीनवर मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन लॉगमध्ये त्याची नोंद शोधा. लिनक्सच्या आज्ञा हातात बसवायला 'ओव्हर द वायर' या संकेतस्थळावरचा 'बँडिट' हा खेळ उत्तम आहे. तो फुकट आहे आणि एकेक पायरी सोडवल्याशिवाय पुढची उघडत नाही.

त्यानंतर हल्ल्याकडे वळा. डीव्हीडब्ल्यूए हे मुद्दाम कच्चं ठेवलेलं वेब अ‍ॅप्लिकेशन आपल्या बंदिस्त मशीनमध्ये बसवा आणि एसक्यूएल इंजेक्शन हा हल्ला करून पाहा. पण विदा बाहेर आला म्हणून तिथे थांबू नका. ज्या ओळीमुळे तो बाहेर आला ती ओळ कोडमध्ये शोधा, दुरुस्त करा आणि तोच हल्ला पुन्हा करून पाहा. फोडण्यात गंमत आहे हे मला मान्य आहे. पण नोकरीत बहुतेक दिवस दुरुस्तीचेच असतात, आणि त्या कामाची गोडी सुरुवातीलाच लागली पाहिजे.

हे सगळं स्वतःच्याच यंत्रावर. कॉलेजच्या सर्व्हरवर 'फक्त बघतो' म्हणून हात घालणाऱ्या मुलांची मला खरी काळजी वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते, आणि हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सहज एखादी त्रुटी नजरेस पडलीच, तर ती सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवण्याची सोय आहे.

शेवटी, स्टॉल ठेवत होते तशा वहीबद्दल मला संगणक शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलायचं आहे. आज काय केलं, काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय दिसलं, हे विद्यार्थ्याने रोज लिहावं, आणि मराठीत सुचत असेल तर मराठीतच लिहावं. उद्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याला घडलेला प्रकार याच मुलांना सांगायचा आहे. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र या लिखाणाला गुण नाहीत. तिथे आज्ञा पाठ म्हणणाऱ्याला गुण मिळतात. ते बदलायला हवं. परीक्षेत एका सर्व्हरच्या एका दिवसाच्या लॉगची फाइल द्यावी आणि 'या दिवशी इथे काय घडलं?' एवढंच विचारावं. काही फायलींत हल्ला असावा, काहींत काहीच घडलेलं नसावं, आणि 'काही घडलेलं नाही' हे पुराव्यासह लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत. असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. त्यावर आपण सर्वांनी मोकळेपणाने चर्चा करावी, ही विनंती.