बेंगळूरचा विमान-कारखाना

विमान विकत घेणें, विमानाचे भाग जुळविणें आणि विमान निर्माण करणें या तीन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. बेंगळूरच्या विमान-कारखान्याचा इतिहास म्हणजे या तीन पायऱ्यांमधील अंतराचा इतिहास होय.

त्याचा आरंभ एका सोलापूरकराच्या धाडसानें झाला. शेठ वालचंद हिराचंद १८८२ सालीं सोलापुरांत जन्मले. सिंदिया कंपनीच्या द्वारें परकीय जहाज-कंपन्यांशीं झुंजण्याचा अनुभव त्यांच्या गांठीं होता. १९३९ सालीं विमानप्रवासांत त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशीं ओळख झाली. पॉली चीनमध्यें विमानांचा कारखाना चालवीत असत. युद्धांत सांपडलेल्या चीनला जें जमलें तें हिंदुस्थानास कां जमूं नये, असा प्रश्न शेठजींनीं स्वतःस विचारला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दींत म्हैसूर संस्थाननें ७०० एकर जमीन व भांडवलाचा वांटा देऊं केला. २३ डिसेंबर १९४० रोजीं हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली आणि पुढल्याच वर्षीं हार्लो जातीचें शिक्षण-विमान तेथून उडालें.

अर्थात् तें विमान मूळचें अमेरिकन. बेंगळूरास झाली ती जुळणी. इतक्यांत जपानी सैन्य ब्रह्मदेशांत शिरलें. एप्रिल १९४२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें वालचंदांचे भाग विकत घेऊन कारभार हातीं घेतला. १९४३ सालीं तो अमेरिकन वायुदलाकडे गेला आणि निर्मितीऐवजी दुरुस्ती हेंच तेथील मुख्य काम झालें. संस्थापकाच्या दृष्टीनें ही हानीच होती. तथापि याच दुरुस्तीनें येथील कारागिरांना नानाविध विमानांचें अंतरंग दाखविलें, हेंही नमूद करणें न्याय्य होईल. युद्धानंतर याच हातांनीं तेथें रेल्वेचे डबेही बांधले.

दुसरी पायरी ओलांडण्याचें श्रेय डॉ. विष्णु माधव घाटगे यांचें. कोल्हापूरकडील या विद्वानानें जर्मनींत गॉटिंगेन येथें प्रोफेसर प्रांट्ल यांच्या हाताखालीं वायुगतिशास्त्राचें अध्ययन केलें होतें. त्यांच्या नेतृत्वाखालीं आराखडलेलें एचटी-२ हें शिक्षण-विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजीं आकाशांत गेलें. त्या वेळीं वालचंद हयात होते. परंतु कारखाना त्यांचा राहिला नव्हता. १९५३ सालीं ते निवर्तले.

एचटी-२ चा आराखडा आपला, पण इंजिन इंग्लंडचें! येथेंच खरी मेख आहे. जर्मन तज्ज्ञ कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखालीं झालेलें 'मरुत' हें लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजीं उडालें आणि १९७१ च्या युद्धांत लढलें. त्याची घडण ध्वनीच्या दुप्पट वेगासाठीं योजलेली होती. तितक्या शक्तीचें इंजिन मात्र त्यास कधींच लाभलें नाहीं. १९६४ सालीं कंपनीस हिंदुस्थान एरोनॉटिक्स हें नांव मिळालें, नाशिकजवळ ओझर येथें मिग जातीचीं विमानें बनूं लागलीं, २००१ सालीं 'तेजस' उडालें. पण त्या 'तेजस'चें इंजिनही अमेरिकन आहे.

इंजिन इतकें दुर्घट कां? जेट इंजिनांतील चक्राचीं पातीं ज्या वायूंत फिरतात, त्याचें उष्णतामान त्या पात्यांच्या धातूच्या द्रवणबिंदूहूनही अधिक असूं शकतें. पात्यांच्या पोटांतून सूक्ष्म छिद्रांवाटे थंड हवा खेळविली म्हणून तीं टिकतात. असा धातु ओतण्याची विद्या कोणतेंही राष्ट्र सहसा दुसऱ्यास विकत नाहीं. कारखाना एका वर्षांत उभारतां येतो, हें वालचंदांनीं दाखविलें. आराखडा एका पिढींत साधतो, हें घाटग्यांनीं दाखविलें. धातुशास्त्रास मात्र कित्येक पिढ्यांची अखंड तपश्चर्या लागते. नव्या विमानाच्या उड्डाणाची वार्ता ऐकून आपण आनंद मानावा हें योग्यच; पण त्याचें इंजिन कोठलें, हा प्रश्नही प्रत्येक वेळीं विचारावा. त्याचें उत्तर ज्या दिवशीं बदलेल, त्या दिवशीं तिसरी पायरी चढली गेली असें समजावें.