असनचा बाजार आणि अन्नपूर्णेची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला प्रवासावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. प्रवासवर्णन म्हटले की ऐकणाऱ्यांना दोन गोष्टींची धास्ती वाटते. बोलणारी गाडीच्या वेळापत्रकापासून सुरुवात करील ही एक, आणि घरी परतेपर्यंत थांबणार नाही ही दुसरी. मी दोन्ही टाळणार आहे. दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत आपल्या मंडळातल्या आम्ही सातजणी नेपाळला जाऊन आलो, त्यातले दोनच भाग सांगते. एक काठमांडूचा बाजार आणि दुसरा अन्नपूर्णा पर्वताच्या पायथ्याच्या छावणीपर्यंतची चढण. या दोहोंचा संबंध काय, असे तुम्हांला वाटेल. संबंध आहे, आणि तो आपल्या प्रत्येकीच्या देव्हाऱ्यात आहे. लग्नात गौरीहरापुढे पुजलेली, हातात पळी घेतलेली अन्नपूर्णा आपण माहेराहून घेऊन येतो. तीच आम्हांला दोन्हीकडे भेटली.

काठमांडूच्या जुन्या शहरात असन नावाचा चौक आहे. सहा रस्ते तिथे येऊन मिळतात. तिबेटात जाणारा जुना व्यापारी मार्ग याच चौकातून जात असे, आणि इथले नेवार व्यापारी ल्हासापर्यंत पेढ्या चालवीत. आम्ही पहाटे गेलो. अंधार अजून सरला नव्हता, पण मुळे, पालेभाज्या, आले आणि कोथिंबीर यांचे ढीग लागले होते. डोक्यावरून पट्टा घेऊन पाठीवर करंडा लटकवलेली माणसे गर्दीतून वाट काढीत होती. करंड्याला तिकडे डोको म्हणतात आणि पट्ट्याला नाम्लो. एकाच्या पाठीवर तर कपाटाएवढा शीतपेटीचा खोका होता.

भाषेची अडचण होईल असे वाटले होते, पण नेपाळी लिहितात ती देवनागरीतच. त्यामुळे आम्ही सगळ्या पाट्या बिनदिक्कत वाचीत चाललो. पसल म्हणजे दुकान, भान्सा म्हणजे स्वयंपाकघर, दिदी म्हणजे थोरली बहीण, हे शब्द अर्ध्या तासात पाठ झाले. आणि जिन्नस तर ओळखीचेच निघाले! डाळ आणि कोहळा यांचे वाळवलेले गोळे दिसले, त्यांना मस्यौरा म्हणतात. आपण त्यांना सांडगेच म्हटले असते. टिमूर नावाचे बारीक फळ हातावर चोळून हुंगले, तेव्हा आमच्यातल्या मालवणच्या काकू म्हणाल्या, “अगो, हे तर तिरफळाचे भावंड!” ते खरेही आहे, दोन्ही झाडे एकाच कुळातली. आंबवून वाळवलेल्या पाल्याला गुन्द्रुक म्हणतात आणि दगडासारख्या घट्ट खरवडीला छुर्पी. ही छुर्पी तासभर गालात धरली तरी विरघळत नाही. कवळी असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

असनहून थोडे पुढे गेले की इंद्रचौक लागतो. त्याच्या एका बोळात फक्त काचेच्या मण्यांची दुकाने आहेत. तिथे पोते मिळतात. आपल्याकडे जसे मंगळसूत्र, तसे तिकडच्या सौभाग्यवतीच्या गळ्यात लाल किंवा हिरव्या मण्यांचे पोते. आपण सांगू त्या रंगाचे सर समोर बसून ओवून देतात. आम्ही तुळशीबागेत शिकलेली सारी विद्या तिथे पणाला लावली. हिंदी रुपयाच्या शंभराला नेपाळी एकशे साठ, हा हिशेब १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे घासाघीस करताना मनातल्या मनात आकडेमोड तेवढी चालू ठेवावी लागते.

असन चौकातच अन्नपूर्णेचे देऊळ आहे. मूर्ती पाहायला आत डोकावलो तर मूर्ती नाही, कलश. भरलेला कलश हेच तिचे रूप. दुकान उघडण्यापूर्वी व्यापारी तिच्यापुढे हात जोडून जातात. देवळाच्या पायरीशेजारी एक म्हातारी पालकाच्या जुड्या घेऊन बसली होती. तिला हिंदी येत होते. रात्री दोनला घर सोडून आली होती. आम्ही तिला चहा देऊ केला, तर ती म्हणाली, “नको दिदी. चहा घेतला की उठावे लागते. उठले की जागा जाते, आणि जायचे तरी कुठे?” हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मला ते पुन्हा लागणार आहे.

काठमांडूहून पोखरा सुमारे दोनशे किलोमीटर. तिथून पुढे जीपगाडी घांद्रुकच्या अलीकडे सोडते, आणि मग आपले पाय. वाटेचे वर्णन एका वाक्यात करायचे तर ती वाट नव्हेच, दगडी जिना आहे. छोमरोंग हे गाव २१७० मीटरवर आहे. तिथून ओढ्यापर्यंत सारे खाली उतरायचे आणि पलीकडे सिनुवाला २३६० मीटरवर पुन्हा चढायचे. एवढे कष्ट करून पदरात दोनशे मीटरही पडत नाहीत. चढाला तिकडे उकालो म्हणतात आणि उताराला ओरालो. आमचा वाटाड्या तिसराच शब्द दिवसभर म्हणे, “बिस्तारै, बिस्तारै,” म्हणजे सावकाश. आपले कळसूबाई १६४६ मीटर, आणि आम्हांला जायचे होते ४१३० मीटरवर, म्हणजे अडीच कळसूबाई. पण खरे सांगते, चाल ही ताकदीची नसते, सवयीची असते. निघण्यापूर्वी चार महिने आम्ही रोज टेकडी चढलो, तीच कामास आली.

घांद्रुकला आम्ही एक रात्र राहिलो. हे गुरुंग लोकांचे गाव. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गुरखा पलटणींत भरती होत आले, म्हणून शेती, गुरे आणि गाव यांचा भार बायकांवर. त्या भागात गावोगावी आमा समूह आहेत, म्हणजे आयांची मंडळे. पाहुणे आले की त्या झेंडूच्या माळा घालून स्वागत करतात, गाणी म्हणतात, नाचतात. पाहुणे ताटात पैसे टाकतात, आणि ते पैसे पायवाटेच्या दगडांना, पाण्याच्या नळाला, शाळेला लागतात. काही गावांत त्यांनी दारू आणि जुगार यांनाही आळा घातला. १९८६ साली अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचे काम सुरू झाले, तेव्हापासून स्वच्छतेची नि झाडे लावण्याची कितीतरी कामे याच बायकांनी उचलली. छोमरोंगच्या पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्यांतले पाणी विकत नाहीत, गाळलेले पाणी आपल्या भांड्यात भरून घ्यायचे. जळणासाठी लाकूड तोडायलाही तिकडे मनाई आहे.

त्या संध्याकाळी समूहाच्या प्रमुख बाईंना मी अभिमानाने सांगितले, की आमचेही मंडळ आहे. त्यांनी आनंदाने माझे हात धरले आणि विचारले, “तुमच्या समूहाने गावात काय बांधले?” मी बालवाडीचे सांगितले, शिवणवर्गाचे सांगितले. त्यांनी मान डोलावली. पण तो प्रश्न पुढच्या साऱ्या पायऱ्यांवर माझ्याबरोबर चढत राहिला.

सिनुवाच्या पुढे दरी अरुंद होते. बांबू, दोवान, हिमालय, देउराली अशी मुक्कामाची ठिकाणे लागतात. हिमालय आणि देउराली यांच्या आसपास वरून हिमाचे कडे कोसळण्याचे भय असते. जानेवारी २०२० मध्ये देउरालीजवळ अशाच हिमप्रपातात सातजण गेले. त्या टप्प्यात वाटाड्या सांगेल तेव्हा निघावे आणि रेंगाळू नये. इथे तांदळाचा दाणा न्‌ दाणा, मिठाची पुडी, गॅसची टाकी, सारे माणसाच्या पाठीवरून येते. म्हणून जितके वर जावे तितके ताट महाग, आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. दरपत्रक ठरलेले असते, आणि डाळभात घेतला तर पोट भरेपर्यंत पुन्हा पुन्हा वाढतात. स्वयंपाकघरात बहुतेक ठिकाणी एखादी दिदीच उभी असे, पहाटे चारला आणि रात्री दहालाही.

माच्छापुच्छ्रेच्या तळावर, ३७०० मीटरवर, आमच्यातल्या एकीचे डोके ठणकू लागले आणि दुपारी उलट्या सुरू झाल्या. उंचीवर हवा विरळ असते, त्याचा हा त्रास. यावर विश्रांती हे औषध नाही, हट्ट तर नाहीच. खाली उतरणे हाच उपाय. वाटाड्याने मदतनिसाबरोबर तिला तत्काळ देउरालीला उतरवले. सोबत म्हणून आणखी एकजण गेली, आणि वरची छावणी अवघ्या दोन तासांवर असताना गेली. तिने क्षणभरही विचार केला नाही. संध्याकाळपर्यंत आजारी बाईचे डोके उतरले. देउरालीच्या दिदीने रात्री दोनदा उठून तिला लसणीचे गरम सार पाजले आणि सकाळी त्याचे पैसे घेतले नाहीत.

आम्ही पाचजणी पहाटे अंधारात निघालो आणि उजाडता उजाडता वर पोचलो. चहूकडून पर्वतांचे कडे, मध्ये हिमनदीचे खोल पात्र. प्रथम अन्नपूर्णेच्या माथ्यावर ऊन आले. ८०९१ मीटर! आठ हजार मीटरवरच्या शिखरांपैकी माणसाने सर्वांत प्रथम सर केले ते हेच, ३ जून १९५० रोजी, मोरिस हर्झोग आणि लुई लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांनी. मागे माच्छापुच्छ्रेचा सुळका. त्यावर चढण्यास परवानगी नाही. १९५७ साली जी तुकडी गेली, तीही माथ्याच्या थोडे खालून परतली.

आणि भगिनींनो, वाटाड्याने तिथे उभ्या उभ्या एक गोष्ट सांगितली. गुरुंग लोक या दरीला देवांचे स्थान मानतात. मांस आणि अंडी इथे आणायची नाहीत, असा नियम होता. अस्पृश्य मानलेल्यांना बंदी होती, आणि बायकांनाही बंदी होती. बाहेरच्या जगातला पहिला माणूस, जिमी रॉबर्ट्स, इथे आला तो १९५६ साली. म्हणजे नाव अन्नपूर्णेचे, आणि तिच्या अंगणात बाईने पाऊल ठेवायचे नाही! ती बंदी कोणी मोर्चा काढून उठवली नाही. माणसे येऊ लागली, त्यांना जेवू घालावे लागले, आणि चुलीपाठोपाठ बायकाही वर चढल्या असाव्यात.

१९७८ साली आर्लीन ब्लम यांनी अमेरिकेहून केवळ बायकांची तुकडी या शिखरावर नेली. पैशांसाठी त्यांनी सदरे विकले, आणि त्यांवर लिहिले होते की बाईची जागा शिखरावर आहे. १५ ऑक्टोबरला आयरीन मिलर आणि वेरा कोमारकोवा दोन शेर्पांसह माथ्यावर पोचल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांच्या दोन मैत्रिणी, अ‍ॅलिसन चॅडविक आणि वेरा वॉटसन, त्याच पर्वतावर प्राणास मुकल्या. आणि १६ एप्रिल २०२१ रोजी आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते अन्नपूर्णेवर पोचली. या शिखरावर जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचे नाव तिथे घेताना माझा ऊर भरून आला.

तरीही परतताना मनात घोळत होत्या त्या दुसऱ्याच बायका. देवळाच्या पायरीशी चहा नाकारणारी, देउरालीला रात्री उठणारी, आणि वरची छावणी सोडून मैत्रिणीबरोबर उतरणारी. अन्नपूर्णा म्हणून आपण जिला हळदकुंकू वाहतो, तिचे काम जगात याच करीत असतात.

आता ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडेसे. विमानाने जाणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर ठेवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल हे दिवस चांगले. तीन हजार मीटरच्या वर रोज मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. डॉक्टरांना आधी प्रकृती दाखवावी. भरियाच्या पाठीवर, म्हणजे ओझे वाहणाऱ्याच्या पाठीवर, आपली हौस लादू नये. आम्ही दोघींत एक माणूस घेतला आणि प्रत्येकीचे सामान सात किलोच्या आत ठेवले. साडी एकही नेली नाही, आणि तिची आठवणही झाली नाही.

शेवटी ती म्हातारी आणि तो प्रश्न. आपल्या भाजीबाजारात पहाटे चारला खेड्यांतून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका दुपारी दोनपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी तिथे शौचालय नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांपैकी अकराजणींना विचारले. नऊजणी म्हणाल्या, की बाजाराच्या दिवशी आम्ही पाणी पीत नाही. त्यांच्या हातची भाजी आपण रोज खातो. वर्धापनदिनाच्या निधीतून या वर्षी रंगमंचाचा नवा पडदा घ्यावयाचा, असे कार्यकारिणीत ठरते आहे असे ऐकते. पडदा जुना झाला आहे, हे मी इथूनच पाहते आहे. परंतु तो आणखी दोन वर्षे टिकेल. जागेसाठी नगरपालिकेकडे अर्ज करण्याचे काम आणि पाठपुराव्याचे हेलपाटे आम्ही सातजणी पत्करतो. बांधकामाला मंडळाने हात द्यावा, अशी माझी सूचना आहे. घांद्रुकच्या त्या बाईंना उत्तराचे पत्र मी अजून लिहिलेले नाही. ते आपण ठरवाल तसे लिहीन.