ऋण ताठरता : कंप अडवण्याची एक युक्ती

(विज्ञानदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्लास्टिकची फूटपट्टी दोन तळव्यांमध्ये धरून टोकांकडून दाबली, की ती एका बाजूला कमानीसारखी वाकते. ही कमान बोटाने सरळ करू पाहिल्यास मध्यापर्यंत पट्टी विरोध करते. मध्य ओलांडताच मात्र ती आपण होऊन दुसऱ्या बाजूला झेपावते. स्प्रिंगचा स्वभाव याच्या नेमका उलटा. ती जितकी ताणावी तितक्या जोराने मूळ जागेकडे ओढते. या हट्टाच्या मापाला ताठरता म्हणतात. मध्याजवळची पट्टी मूळ जागेपासून दूर ढकलते, म्हणून तिची ताठरता ऋण. ऋण ताठरतेचा माणूस कसा असेल, हा प्रश्न वर्गात हशा पिकवण्यास पुरेसा आहे. पण यंत्रात असा अस्थिर घटक मुद्दाम बसवतात, आणि तोही जगातील अत्यंत नाजूक यंत्रांपैकी एका यंत्रात.

इटलीत पिसा शहराजवळ काशिना येथे व्हर्गो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ३ किलोमीटर लांबीच्या. त्यांत सुमारे ४२ किलोग्रॅम वजनाचे आरसे टांगलेले आहेत. लेसर किरणांनी टिपायचा अंतरातील फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. जमीन मात्र समुद्राच्या लाटांनी, वाऱ्याने, वाहनांनी अखंड थरथरत असते आणि ती थरथर या फरकाच्या अब्जावधी पट मोठी असते.

आडवा कंप लंबकाने बराचसा अडतो. उभ्या कंपाकडे दुर्लक्ष केले तर चालेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे ३ किलोमीटर अंतरावरचे दोन ओळंबे समांतर नसतात, आणि उभ्या हालचालीचा अल्पसा अंश किरणाच्या दिशेत उतरतोच. तेव्हा उभ्या दिशेतही मऊ स्प्रिंग हवी. खरी अडचण येथेच आहे. मऊ स्प्रिंग वजनाने लोंबते. सेकंदाला १.५ आंदोलने करणारी साधी स्प्रिंग भाराखाली सुमारे ११ सेंटीमीटर ताणली जाते, तेच ०.४ आंदोलनांपर्यंत उतरायचे म्हटले, तर ताण सुमारे दीड मीटर होतो. एकाखाली एक अशा अनेक पायऱ्यांत ते परवडणारे नाही.

व्हर्गोच्या अभियंत्यांनी भार पेलण्याचे काम पोलादी त्रिकोणी पात्यांकडेच ठेवले. त्यांच्या जोडीला समोरासमोर एकमेकांना दूर लोटणारे चुंबक बसवले. एक संच स्थिर भागावर, दुसरा हलणाऱ्या भागावर. दोन्ही संच एका पातळीत असताना उभ्या दिशेचा जोर शून्य असतो. हलणारा भाग जरा वर गेला, की चुंबक त्याला आणखी वर लोटतात; खाली गेला, की आणखी खाली. पाती मागे ओढतात, चुंबक पुढे ढकलतात, आणि उरते ती फक्त वजाबाकी. भार तसाच पेललेला, ताठरता मात्र जवळजवळ नाहीशी. आंदोलने १.५ वरून ०.४ हर्ट्झच्या आसपास येतात. आदर्श गणिताप्रमाणे १० हर्ट्झचा कंप आधी चाळिसाव्या हिश्शावर येत असे, तो आता सहाशेव्या हिश्शावर येतो. आणि पुढील प्रत्येक पायरीवर पुन्हा घटतो.

वजाबाकी फार नेमकी करावी लागते. चुंबक गरजेपेक्षा बलवान झाले, तर पाती हरतात आणि फूटपट्टीसारखी रचना एका बाजूला झेपावते. शिवाय तापमानाबरोबर चुंबकाचे बळ बदलते. जपानच्या काग्रा वेधशाळेत म्हणून चुंबक टाळून पातीच एकमेकींवर दाबून बसवली आहेत. ऋण ताठरता तेथे त्या दाबातून येते. फूटपट्टीचे हे अधिक जवळचे नाते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, ४ किलोमीटर भुजांच्या लायगो-इंडियाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मान्यता दिली. लायगोच्या आराखड्यात जमिनीचा कंप संवेदकांनी क्षणोक्षणी मोजून त्याच्या उलट धक्के देण्यावर अधिक भर आहे. मराठवाड्याच्या त्या काळ्या मातीखालची थरथर मात्र काशिनाइतकीच आरशापासून दूर ठेवावी लागणार आहे.