जुन्या गाडीतील आतला दिवा आणि पट्ट्याचा बझर
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



ट्रॅक्टर, पंप, फवारणी यंत्र यांची निगा कशी राखावी हे आपण सकाळपासून ऐकत आहात. मी घरच्या जुन्या जीप-पिकअपबद्दल बोलणार आहे, आणि तेही छतातला दिवा व सीट बेल्टचा बझर या दोन किरकोळ गोष्टींबद्दल. त्या बिघडल्या तरी गाडी चालते, म्हणूनच वर्षानुवर्षे बिघडलेल्या राहतात.

पहाटे तीनला भाजी बाजार समितीत न्यायची, गाडी भरलेली, आणि सेल्फ फिरत नाही. आतला दिवा साधारण १० वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो पाऊण अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह घेतो. म्हणजे ४० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी दोन दिवसांत रिकामी होते. जुनी असेल तर एक रात्रही पुरते.

बहुतेक गाड्यांत या दिव्याला प्लस कायम मिळत असतो, फ्यूजमधून. दाराच्या चौकटीतले बटण त्याला फक्त अर्थ देते. दार उघडले की बटण बाहेर येते आणि दिवा लागतो. दार लावूनही दिवा जळत राहिला तर बटण हाताने दाबून पाहावे. विझला तर बटण ठीक आहे, दार लोंबल्यामुळे किंवा रबरी टोपी झिजल्यामुळे ते पुरते दाबले जात नाही. विझला नाही तर बटणाची वायर काढावी. आता विझला तर बटण अडकले आहे. तरीही जळत असेल तर वायर मध्येच सोलून बॉडीला टेकली आहे. अशा वेळी फ्यूज जात नाही, त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही. दिवा लागतच नसेल, तर बल्ब व फ्यूज पाहून हीच वायर उघड्या पत्र्याला टेकवावी. लागला तर बटणाला गंज आहे. पॉलिश पेपरने घासावे.

आता माझीच गोष्ट सांगतो. आमच्या पिकअपचा दिवा लागेना म्हणून एका वायरमनने बॅटरीपासून थेट वायर ओढून दिली. फ्यूज नाही, पत्र्याच्या छिद्रात रबर नाही. दिवा मात्र झकास लागला! सहा महिन्यांनी मी आणि धाकटा भाऊ कापूस घेऊन जिनिंगला निघालो होतो. डॅशबोर्डखालून धूर आला. पत्र्याच्या धारेने वायर कापली होती. १० नंबरचा पाना हाताशी होता म्हणून बॅटरीचे टर्मिनल वेळेत निघाले. मागे कापूस होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली तरी हेच होते, कारण मग वायरच फ्यूज बनते.

बझरकडे येऊ. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत चालक आणि शेजारचा, दोघांसाठी तो सक्तीचा झाला. त्याआधीच्या काही गाड्यांतही आहे. पट्ट्याच्या खाचेत एक बारीक स्विच असतो, त्याची वायर सीटखालून जाते. सीट मागेपुढे करताना ती ताणते, जोड निसटतो, आणि पट्टा लावूनही बझर ओरडतो. खाचेत भुसा, माती जाते, तीही फुंकून काढावी. तेल सोडू नये, धूळ अधिक धरते. शेजारच्या सीटवर बियाण्याची पिशवी ठेवली तरी काही गाड्या तिला माणूस समजतात. ती खाली ठेवावी.

पुष्कळजण वैतागून वायरच तोडतात, किंवा नुसती क्लिप खाचेत अडकवतात. अशा क्लिपा विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. एअरबॅग ही पट्टा लावलेल्या माणसासाठी केलेली असते. सीटखाली पिवळी वायर किंवा पिवळा जोड दिसला तर हात लावू नका. तो एअरबॅगचा किंवा पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो. तिथे टेस्ट लॅम्प लावला तरी स्फोट होऊ शकतो. ते काम जाणकार कार्यशाळेचे.

बाकीचे आपण घरी करू शकता. जेवणानंतर कुणी गाडी झाडाखाली आणली, तर बटण कसे तपासायचे ते दाखवतो. टेस्ट लॅम्प माझ्या पिशवीत आहे.